एका काटेसावरीची सहाशे रोपे आणि तुकड्यांत उरलेले जंगल

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात एक नव्हे, दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आपण लिहिता की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या आपल्या संकुलाच्या कुंपणापलीकडे एक जुनी काटेसावर आहे. तिची बोंडे आपल्या गटाने मागच्या उन्हाळ्यात गोळा केली, गच्चीवर रोपे वर्षभर सांभाळली आणि या पावसाळ्यात पारसिकच्या डोंगरउतारावर सहाशे रोपे लावली. त्यानंतर एका परिचितांनी सांगितले की ही सगळी भावंडे असल्यामुळे यांचा वंश पुढे खुंटणार, आणि येऊरचे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील बाजूचे, जंगलच आता शहराने वेढलेला तुकडा उरल्यामुळे मूळ झाडाचे बीही कमअस्सल असणार. झाडे तर डोळ्यांदेखत फुलत-फळत आहेत, मग जंगलाचे तुकडे झाल्याने त्यांच्या जनुकांचे नेमके काय बिघडते, आणि लावलेली रोपे आता उपटायची का, असे आपले विचारणे आहे.

रोपे उपटण्याचे काहीही कारण नाही, हे आधीच सांगून टाकते. परंतु ज्यांनी आपल्याला सावध केले त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. जे चुकले ते जंगलाच्या तुकड्याविषयी, आणि जे बरोबर आहे ते आपल्या बियांच्या पिशवीविषयी. मी सत्तावीस वर्षे वनवृक्षांच्या बियाण्यांवर काम केले. त्यातील पहिली काही वर्षे प्रयोगशाळेत पानांतून डीएनए काढण्यात गेली आणि उरलेली ठाणे-रायगडच्या रोपवाटिकांमध्ये. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. काटेसावरीला जे लागू पडते ते टेंभुर्णीला किंवा उंबराला जसेच्या तसे लागू पडत नाही, म्हणून जिथे उत्तर झाडाच्या जातीवर, अंतरावर किंवा पराग वाहून नेणाऱ्या प्राण्यावर अवलंबून आहे तिथे मी तसे सांगत जाईन.

प्रथम ‘बिघडणे’ हा शब्द बाजूला ठेवू. जंगलाचा तुकडा पडल्याने कोणत्याही उभ्या झाडाचे जनुक खराब होत नाही. त्याच्या पेशींत जे आहे ते रस्ता किंवा इमारत बदलू शकत नाही. बदलते ते पुढच्या पिढीतील वाटप. जी झाडे तोडली गेली त्यांच्याबरोबर, केवळ त्यांच्यापाशीच असलेली जनुकांची काही दुर्मीळ रूपे तत्काळ जातात. उरलेल्या थोड्या झाडांतून दर पिढीला निव्वळ योगायोगाने काही रूपे पुढे सरकतात आणि काही गळतात; लहान वाडीत एखादे आडनाव कोणाचाही दोष नसताना दोन-तीन पिढ्यांत नाहीसे होते, तसाच हा प्रकार. शिवाय जवळचीच झाडे एकमेकांच्या परागावर फळू लागली की नात्यातली जुळणी वाढते, आणि एरवी एका बाजूने झाकलेली हानिकारक रूपे दोन्ही पालकांकडून एकत्र येऊन रोपात उघडी पडतात. यालाच अंतःप्रजनन म्हणतात आणि त्याची किंमत रोपाच्या वाढीत, तग धरण्याच्या क्षमतेत आणि पुढे फळधारणेत मोजावी लागते.

आता काळाचा हिशेब, कारण ‘झाडे तर फुलत-फळत आहेत’ या आपल्या वाक्याचे उत्तर त्यातच आहे. ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये आली. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला, आणि या तलावांच्या पाणलोटामुळे डोंगरावरचे जंगल बऱ्याच अंशी राखले गेले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, आणि घोडबंदर रस्त्यालगतच्या उंच इमारती त्याहूनही अलीकडच्या. याउलट हेद, कळंब किंवा ऐन यांचे मोठे झाड शंभर वर्षांचे सहज असू शकते. म्हणजे येऊरच्या वाटेवर ज्या हेदाच्या बुंध्याला आपण हात लावतो, त्याचा जन्म आजच्या ठाण्याच्या आधीचा आणि कितीतरी सलग जंगलात फळलेल्या आईबापांपासूनचा आहे. त्याच्या पानांत विखंडनाची, म्हणजे जंगलाचे तुकडे झाल्याची, खूण शोधणे म्हणजे आजोबांच्या जन्मपत्रिकेत नातवाच्या परीक्षेचा निकाल शोधण्यासारखे आहे. खूण सापडलीच तर ती त्याच्या पायाशी उगवलेल्या, गुडघ्याएवढ्या रोपांत सापडेल. म्हणून आम्ही नमुने घेताना एकाच तुकड्यातील मोठी झाडे आणि रोपे यांची पाने वेगवेगळी गोळा करतो, सिलिका जेलच्या पाकिटात वाळवतो, आणि दोन्ही पिढ्यांची तुलना करतो. नुसती मोठी झाडे तपासून ‘सर्व ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणारा अहवाल माझ्यासमोर आला की मी तो बाजूला ठेवते.

या विषयाच्या अभ्यासकांनाही दीर्घकाळ एक पेच पडलेला होता. सिद्धांत सांगे की तुकडे झाल्यावर वैविध्य घटले पाहिजे, आणि मोजमापात ते बऱ्याचदा घटलेले दिसत नसे. २००८ मध्ये काही संशोधकांनी याला ‘विरोधाभास’ असेच नाव देऊन त्याची चर्चा केली. झाडांचे दीर्घायुष्य हे त्याचे एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: नकाशावर हिरव्या रंगाची जी कड दिसते तीच झाडांच्या कुटुंबाचीही कड आहे, असे आपण न तपासता गृहीत धरतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र उपग्रहचित्रात एखाद्या बेटासारखे दिसते हे खरे, पण वटवाघळाजवळ तो नकाशा नसतो.

इथे परागाची गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. उष्णकटिबंधातील बहुतेक झाडांचा पराग वारा नव्हे, प्राणी वाहतात, आणि कोण वाहतो यावर सर्व काही ठरते. उंबर-वड-पिंपळ या गटातील झाडांचे परागण करणाऱ्या चिलटाएवढ्या गांधीलमाश्या वाऱ्यावर स्वार होऊन अफाट अंतर जातात. नामिबियाच्या वाळवंटी नदीकाठावरील एका उंबरवर्गीय झाडाच्या २००९ मधील अभ्यासात हे अंतर सुमारे १६० किलोमीटरपर्यंत आढळले. होंडुरासमधील एका महोगनीच्या जातीत एकाकी उभ्या झाडाला साडेचार किलोमीटरवरून पराग मिळत असल्याचे २००२ मध्ये दाखवले गेले. ॲमेझॉनमध्ये मनौसजवळ गुरांच्या कुरणात उरलेल्या डिनिझिया या महाकाय शेंगवर्गीय झाडांचा पराग तर आफ्रिकेतून आलेल्या परक्या मधमाश्यांनी ३.२ किलोमीटरपर्यंत नेला. मूळचे कीटक कुरणात फिरकत नव्हते, ते काम पाहुण्यांनी केले. म्हणजे तुकडा झाला की संपर्क तुटलाच, असे समजणे धाडसाचे आहे.

मात्र माझ्या कामाची दिशा ज्या अभ्यासाने बदलली तो आपल्याच सह्याद्रीतील आहे. कर्नाटकातील कोडगूमध्ये (कूर्गमध्ये) देवराया, जंगलाचे तुकडे आणि सावलीतील कॉफीच्या बागा अशा मिश्र प्रदेशात, कडुनिंबाच्याच कुळातील डिसोझायलम मलबारिकम या इमारती लाकडाच्या झाडाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २१६ चौरस किलोमीटरच्या प्रदेशात अकरा मायक्रोसॅटेलाइट खुणांच्या (नाते ओळखण्यास उपयोगी पडणाऱ्या, डीएनएतील पुनरावृत्त तुकड्यांच्या) आधारे कोणत्या बीचा पिता कोणते झाड आहे हे संशोधकांनी शोधले. अगदी एकटी उभी असलेली झाडे वरचेवर पाच किलोमीटरहून अधिक दूरच्या, विविध झाडांचा पराग मिळवत होती. याउलट जिथे मोठी झाडे विरळ उरली होती अशा तुकड्यांत, दाट तुकड्यांच्या तुलनेत, शेजाऱ्याशीच जुळणी होण्याचे प्रमाण वाढलेले होते आणि ती जुळणारी झाडे सरासरीने एकमेकांच्या अधिक नात्यातली होती. मोठ्या झाडांच्या पिढीपेक्षा लहान झाडांच्या पिढीत तुकड्यातुकड्यांमधील फरकही वाढलेला दिसला.

याचे कारण विचित्र वाटले तरी सरळ आहे. एकट्या झाडावर येणारा प्राणी लांबूनच आलेला असतो, कारण जवळ दुसरे झाडच नाही. चार-पाच झाडांच्या टोळक्यात आलेला प्राणी मात्र तिथल्या तिथे, या झाडावरून त्या झाडावर फिरत राहतो. आणि अशा टोळक्यातली झाडे बऱ्याचदा एकाच आईच्या पायाशी पडलेल्या बियांतून आलेली असतात. हे मी पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या चुकीतून शिकले असते तर बरे झाले असते, पण शिकायला उशीर लागला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मुरबाड रस्त्यावरच्या एका देवळामागील चार शिवणींचे बी मी सलग दोन हंगाम आणले, कारण फळे फरशीवर पडत आणि दोन तासांत गोणी भरे. रोपवाटिकेत रोपे उत्तम आली. वेळेवर पाणी आणि शेणखत मिळाल्यावर दुबळे रोपही चांगले दिसते, ही रोपवाटिकेची मोठी फसवणूक आहे. उतारावर लावल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतील बरीच रोपे खुरटलेली राहिली. नंतर केव्हातरी त्या चार झाडांची पाने तपासली तेव्हा चारही एकमेकांची सख्खी नाही तरी सावत्र भावंडे निघाली. चार झाडांचे बी घेतल्याचे समाधान मला होते, प्रत्यक्षात मी एकाच घरातले बी आणले होते.

आता आपल्या काटेसावरीकडे येऊ. माघ-फाल्गुनात पाने झडलेल्या सावरीवर दिवसा मैना, कावळे, शिंजीर, बुलबुल यांची झुंबड असते आणि रात्री वटवाघळे येतात. मोठी फळभक्षी वटवाघळे एका रात्रीत वीस-तीस किलोमीटरची फेरी करू शकतात. येऊरच्या कडेपासून खाडी ओलांडून पारसिकचा डोंगर हवेतून मोजला तर सहा-सात किलोमीटरच भरेल. त्यामुळे ‘येऊर हा तुकडा आहे म्हणून या सावरीचे बी कमअस्सल’ हे म्हणणे मला मान्य नाही. कुंपणापलीकडची एकटी सावर ही उलट चांगली आई असण्याची शक्यता आहे, कारण तिला अनेक आणि दूरचे पिते लाभत असतील. यात एक अट आहे. जी जात स्वतःच्याच परागावर बी धरू शकते तिच्या बाबतीत एकाकीपणाचा परिणाम उलटा होऊ शकतो, म्हणजे बाहेरून कोणी आले नाही की झाड स्वतःच्याच परागावर भागवते आणि ते बी सर्वांत दुबळे निघते. सागासारख्या, स्वतःचा पराग बहुतांशी नाकारणाऱ्या झाडात तसे बी थोडे. तिथे एकाकीपणाची किंमत कमी फळांच्या रूपाने दिसते. म्हणून एखाद्या एकट्या झाडाला फुले भरपूर आणि फळे मोजकीच असतील तर मी त्याला दोष देत नाही, ते चोखंदळ आहे असे समजते.

परागाबद्दल इतके लिहिल्यावर बियांच्या प्रवासाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण पराग केवळ जनुके पोहोचवतो, झाड पोहोचवत नाही. घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेला उद्यानाचाच नागला भाग आहे आणि खाडीपलीकडे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर अभयारण्य. सावरीचा कापूस, ऐनाची पंखधारी फळे किंवा वटवाघळाच्या तोंडातले मोहाचे फळ यांना रस्त्याचा अडसर तितका नाही. पण बेहड्याचे जड फळ ज्या हरणांवर आणि वानरांवर अवलंबून आहे त्यांना वर्दळीचा रस्ता आणि खाडी हे दोन्ही अडवतात. बहुतेक सपुष्प झाडांत हरितलवकातील डीएनए केवळ आईकडून, म्हणजे बीमार्गेच येतो, त्यामुळे हरितलवकाच्या खुणा आणि केंद्रकातील खुणा शेजारी ठेवल्या की कोणत्या वाटेने संपर्क टिकला आणि कोणती वाट बंद झाली हे वेगळे ओळखता येते. ठाणे खाडीतील तिवरांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांचे बी पाण्यावर तरंगत जाते, म्हणून त्यांच्यासाठी भराव घालून पाणी अडवणे हेच विखंडन.

संख्येचे गणित टाळता येणार नाही, पण ते एका परिच्छेदात आटोपते. दर पिढीला वैविध्याचा जो अंश गळतो तो साधारणपणे एक भागिले ‘प्रभावी संख्येची दुप्पट’ इतका असतो. प्रभावी संख्या म्हणजे वैविध्य टिकवण्याच्या दृष्टीने ती झाडे परस्परांशी नाते नसलेल्या, सारखाच वाटा देणाऱ्या किती झाडांच्या तोडीची आहेत तो आकडा. प्रभावी संख्या पन्नास असेल तर पिढीला एक टक्का, दहा असेल तर पाच टक्के. दहा पिढ्यांनंतर पहिल्या तुकड्यात सुमारे दहा टक्के गेलेले असतील, दुसऱ्यात सुमारे चाळीस टक्के. मात्र प्रभावी संख्या म्हणजे मोजलेली झाडे नव्हेत. टेंभुर्णीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. एखाद्या तुकड्यात दहा टेंभुर्णी असून त्यांत आठ नर आणि दोनच माद्या असल्या तर प्रभावी संख्या सहाच्या थोडी वर भरते. आणि वर म्हटल्याप्रमाणे एक पिढी म्हणजे कित्येक दशके, त्यामुळे नवी मुंबई वसल्यापासून बहुतेक मोठ्या वृक्षांची एक पिढीही पुरती उलटलेली नाही. ही सवड निसर्गाने आपल्याला दिलेली आहे आणि ती आपण सर्वांत वेगाने जिथे खर्च करतो ती जागा जंगलात नाही, रोपवाटिकेत आहे.

आतापर्यंतचे एकत्र करून सांगायचे तर: उभ्या झाडांवरून निदान करता येत नाही, ते रोपांवरून करावे लागते; एकटे झाड हे नेहमीच दरिद्री नसते आणि लहान टोळके हे नेहमीच सुरक्षित नसते; पराग लांब जातो म्हणून बी जाईलच असे नाही. आता पिशवीकडे वळू.

एकाच आईच्या बिया, जरी त्यांचे पिते अगणित आणि परस्परांशी अनोळखी असले, तरी त्या सर्व किमान सावत्र भावंडे असतात. अशी सहाशे रोपे असोत किंवा सहा लाख, त्यांची जनुकीय प्रभावी संख्या चारच्या वर जात नाही. पिता एकच असेल तर ती दोनवर येते. परिचितांचे म्हणणे बरोबर होते ते इथे. येऊरच्या जंगलाला ज्या अवस्थेला यायला अनेक शतके लागतील त्या अवस्थेतील वृक्षवस्ती आपण एका दुपारच्या गोळाबेरजेतून पारसिकवर उभी केली. यात आपला अपराध असा नाही. मी पाहिलेल्या एका मोठ्या रोपवाटिकेने बहाव्याच्या हजारो रोपांसाठी शेंगा कार्यालयाच्या आवारातील दोनच झाडांच्या घेतल्या होत्या, आणि रोपे भरलेल्या पिशव्यांवर कोणत्याही झाडाची नोंद नव्हती. निसर्गातही असे घडते. कोस्टारिकात सिम्फोनिया या झाडाच्या वंशावळीचा जो अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात रोपे फक्त उरलेल्या जंगलात उगवत होती, पण त्यांतील बहुतांश रोपांचे पालक बाहेरच्या कुरणात उरलेली मोजकी झाडे निघाली. जंगलाचा तुकडा दिसायला रोपांनी भरलेला होता आणि आतून मात्र तो थोड्याच घरांचा झाला होता.

मग सहाशे रोपांचे काय करायचे? त्यांना वाढू द्यावे. ती आपसांत जुळली तर संततीत अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, एक अष्टमांश येईल, हे चांगले नाही. परंतु पारसिकवर आणि आसपास इतर सावरी असतील, आणि ज्या वटवाघळांमुळे आपल्या सावरीला दूरचे पिते मिळाले तीच वटवाघळे या रोपांनाही मोठेपणी मिळतील. काही रोपे मरतील, त्या जागा पुढील दोन-तीन पावसाळ्यांत दुसऱ्या मातृवृक्षांच्या रोपांनी भराव्यात, आणि फुलण्याचे वय जवळ आले की पहिल्या खेपेतील रोपे गरजेनुसार विरळ करावीत. खरे तर एका उतारावर एकाच जातीची सहाशे झाडे हीच मला जनुकांहून मोठी चूक वाटते, पण तो आपला प्रश्न नव्हता.

पुढच्या खेपेसाठी किती झाडांचे बी घ्यावे, हे आपण नेमके काय वाचवू इच्छिता यावर अवलंबून आहे. सर्वसाधारण वैविध्याचा ९५ टक्के भाग परस्परांशी नाते नसलेल्या दहा झाडांत येतो, म्हणून दहा ही मी किमान मर्यादा मानते. दुर्मीळ रूपांसाठी ती पुरत नाही. एखादे रूप परिसरातील त्या जनुकाच्या शंभर प्रतींपैकी (प्रत्येक झाडात दोन प्रती असतात) पाचच प्रतींत असेल तर दहा मातृवृक्षांत ते मुळीच नसण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. तीस झाडे घेतली तर ती पाच टक्क्यांहून कमी होते. यात परागातून येणारा पित्यांचा वाटा धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र थोडे बरे असते. तीस झाडे म्हटल्यावर लोक घाबरतात, पण ती एकाच हंगामात घ्यावी लागत नाहीत. तीन वर्षांत दहा-दहा घेतली तर उलट उत्तम, कारण दर वर्षीचे पितेही बदलतात. प्रत्येक झाडाचे बी साधारण सारख्या मापाने घ्यावे, नाहीतर ज्या झाडाखाली बसायला सावली असते त्याचेच बी निम्मी गोणी व्यापते. दोन मातृवृक्षांत निदान शंभर मीटर अंतर असावे. सावरीच्या एका बोंडातील बियांचा पिता बऱ्याचदा एकच असू शकतो, म्हणून एका फांदीची वीस बोंडे तोडण्यापेक्षा शेंड्याच्या चारही बाजूंची, वर-खालची मिळून वीस घ्यावीत. आणि प्रत्येक झाडाची पिशवी शेवटपर्यंत वेगळी ठेवावी. बिया एकदा मिसळल्या की कोणते रोप कोणत्या आईचे हे नुसत्या डोळ्यांनी कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही.

बी कुठून आणावे याबद्दल दोन टोकांची मते आपल्याला ऐकायला मिळतील. काही जण म्हणतील, फक्त त्याच डोंगराचे. काही म्हणतील, वैविध्य हवे तर राज्यभरातून आणा. मी दोन्ही करत नाही. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे जातात. या चक्राशी जुळलेली झाडे आणि मराठवाड्यातील, निम्म्याहूनही कमी पावसाची झाडे यांचा संकर पहिल्या पिढीत जोमदार दिसला तरी पुढे दोन्हीकडची जुळवणूक विस्कटण्याचा धोका असतो. याउलट केवळ एका लहान डोंगराचे बी धरून बसले तर तिथे आधीच असलेली नाती आणखी घट्ट होतात. ठाण्यासाठी मी येऊरच्या पायथ्याची गावे, वसईच्या बाजूचा डोंगरपट्टा, शहापूर-मुरबाडचा सखल भाग आणि कर्नाळ्याच्या आसपासचा परिसर हे एक क्षेत्र मानते आणि त्यातले बी निःशंक मिसळते. सीतेचा अशोक किंवा त्यासारखी, ओढ्याकाठी मोजक्या जागी उरलेली जात असेल तर मात्र आधी कोणा जाणत्याला विचारावे. तिथे घाईत केलेले मिश्रण परत निवडता येत नाही.

एक कायद्याची बाब. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीतून वन विभागाच्या परवानगीशिवाय बी उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चालत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. हद्दीबाहेर, शेतांच्या बांधांवर आणि गावठाणांत सावरी पुरेशा आहेत. मालकाला विचारून घ्याव्यात.

आपल्या गटाने या वर्षी एवढेच करावे असे मी सुचवते. जानेवारीच्या अखेरीपासून सावरी निष्पर्ण होऊन लाल फुलतात आणि उड्डाणपुलावरूनही ओळखू येतात, तेव्हा त्यांची ठिकाणे मोबाइलच्या नकाशावर नोंदवावीत, कारण एप्रिलमध्ये पाने फुटू लागली की तीच झाडे इतरांत हरवतात. बोंड तपकिरी पडून टोकाला चिरू लागले की उतरवावे, पूर्ण उमलू दिले तर कापसाबरोबर बी उडून जाते. पातळ कापडाच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवले की बोंडे आतल्या आत फुटतात आणि बी हाती लागते. ते त्याच हंगामात पेरावे, ठेवणीत रुजण्याची शक्ती लवकर घटते. झाडांची यादी तयार झाली की ठिकाणे आणि परस्परांतील अंतरे लिहून इथेच कळवा, म्हणजे कोणती दोन-तीन झाडे एकाच घरातली धरून त्यांपैकी एकच घ्यायची, हे नकाशा पाहून सांगता येईल.